आई कुठल्या रकान्यात येते?

उजनी उणे तीस टक्के. तर धरणात पाणी किती?

हा प्रश्न फळ्यावर लिहिला की आठवीच्या वर्गात आधी सगळे गप्प होतात आणि मग एकदम गलका सुरू होतो. ‘काहीच नाही बाई, शून्याच्या खाली गेलंय.’ ‘नुसता गाळ असंल.’ एखादा म्हणतो, ‘पाणी उधारीवर चालू असंल.’ सोलापूरच्या मुलांना ऋण संख्या शिकवायला तापमापीचं चित्र लागत नाही. उन्हाळा लागला की पेपरात चौकटीत उजनीचा आकडा येतो आणि नळाला पाणी चार दिवसांनी येणार की पाच, याचा अंदाज घरोघरी त्यावरून बांधला जातो. पाण्याच्या दिवशी शाळेला दांडी मारावी लागते, हे या मुलींना उणे-अधिकच्या आधी कळलेलं असतं.

मग आम्ही जलसंपदा विभागाचा तक्ता काढतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला 53.57 टीएमसी उपयुक्त साठा आणि 63.66 टीएमसी मृत साठा. पेपरातली टक्केवारी निघते ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे शून्य टक्के या दिवशी धरणात 63.66 टीएमसी पाणी असतं. उणे तीस म्हणजे 53.57 चे तीस टक्के, सुमारे 16 टीएमसी, मृत साठ्यातून गेलं. राहिलं साडेसत्तेचाळीस टीएमसीच्या वर. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटरहून जास्त. शून्यं मोजता मोजता मुलं थकतात, आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो तो खरा: ‘एवढं पाणी हाय तर मग टंचाई कशाला म्हणायचं?’

इथून गणिताचा तास भूगोलाचा होतो. मृत साठा कालव्याच्या दरवाज्यांच्या खाली असतो, तो आपणहून वाहत येत नाही. पाणी तिथंच असतं, पण ते उचलावं लागतं. शहराच्या बातम्यांत ‘दुबार पंपिंग’ हा शब्द का येतो, हे मुलांना त्या दिवशी समजतं. त्या 63.66 मध्ये वर्षानुवर्षं साचलेला गाळही आहे, मग तो आकडा धरण बांधलं तेव्हाचा की आजचा? 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती. तेव्हा खरोखर किती पाणी उरलं असेल? तक्ता इथपर्यंत आणून सोडतो आणि पुढचं उत्तर देत नाही.

गणित आणि भूगोल शिकवताना मला सरकारी आकडे हवेसे वाटतात ते एवढ्यासाठी.

पाठ्यपुस्तकातली सामग्री वाईट नसते. मध्य, मध्यक, बहुलक यांची रीत हातात बसायला ‘एका वर्गातील 50 विद्यार्थ्यांचे गुण’ अशीच उदाहरणं लागतात. आकडे नीट भागले जातात आणि उत्तर पुस्तकाच्या मागे असतं. पण त्या पन्नास विद्यार्थ्यांपैकी एकालाही कुणी ओळखत नसतं. गुण कुणी दिले, कशाचे दिले, परीक्षेला कोण आलं नव्हतं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. नववीच्या पुस्तकात प्राथमिक सामग्री आणि दुय्यम सामग्री असे दोन प्रकार दिलेले आहेत. मुलं व्याख्या पाठ करतात आणि एका गुणाचा प्रश्न सुटतो. स्वतः जाऊन गोळा केलेली माहिती आणि दुसऱ्याने गोळा करून ठेवलेली माहिती यांत किती अंतर पडू शकतं, हे मात्र व्याख्येतून कळायचं नाही.

दुसऱ्याने गोळा करून ठेवलेली माहिती आपल्या देशात भरपूर आहे, आणि आता ती मागायला कुठं अर्ज घेऊन जावं लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या चौथ्या कलमात, कुणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करावी, असं सांगितलेलं आहे. 2012 मध्ये केंद्र सरकारने माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं आणि त्याच वर्षी खुल्या सरकारी माहितीचं पोर्टलही सुरू झालं. जनगणनेचे तक्ते गावपातळीपर्यंत आणि शहरात प्रभागापर्यंत उतरवून घेता येतात. कृषी विभागाच्या ‘महारेन’वर तालुका आणि महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) पाऊस मिळतो. बाजार समित्यांचे रोजचे दर मिळतात, शाळांची माहिती ‘यू-डायस’वर असते. हे सगळं लोकांच्या पैशातून गोळा झालं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांनी काडेपेटीपासून मोबाईल रिचार्जपर्यंत जो कर भरला त्यातून झालं आहे. त्यामुळे हे तक्ते वर्गात आणणं ही काही खास सोय आहे असं मला वाटत नाही. ते मुलांच्याच मालकीचं आहे.

याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्या सोलापूरला आनंद झाला होता. क्यूआर कोडच्या मागे कुणीतरी मनापासून तयार केलेला धडा असतो. सरकारी तक्त्याच्या मागे धडा नसतो. तो वर्गात, त्या तासाला, त्या मुलांसोबत उभा करावा लागतो. म्हणून तो अवघड आहे, आणि म्हणूनच मला तो सोडवत नाही.

पावसाचंच घ्या. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. सरासरी पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, हे मुलांना तोंडपाठ असतं. एका वर्षाचा मंडळनिहाय तक्ता दिला की मुलं बेरीज करतात, मध्य काढतात आणि म्हणतात, ‘बाई, यंदा चांगला झालाय की.’ मग मी रोजच्या पावसाची पानं देते. त्यात आठवडेच्या आठवडे शून्य असतात आणि मग एका रात्रीत सगळा पाऊस. बेरीज तीच, पण पाऊस विखरून पडला तर पीक येतं आणि एका रात्रीत पडला तर रान वाहून जातं. ज्यांचे मामा-काका मोहोळ, माढा, बार्शीकडे शेती करतात ती मुलं इथं एकदम बोलती होतात. तुरीला कधी पाणी लागतं, ज्वारी पेरायला वापसा कधी येतो, हे ती मला सांगतात.

चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी धरतात. पंचनामे आणि मदत यांची गाडी या आकड्यावरून पुढे सरकते. हे सांगितल्यावर एका मुलीने वहीत 64 लिहून त्याभोवती गोल केला आणि विचारलं, ‘ह्याला काहीच नाही?’ दुसऱ्याने विचारलं, पर्जन्यमापक मंडळाच्या गावात, आमचं रान तिथून लांब, मग आमच्यावर किती पडला हे त्याला कसं कळणार? आणि चोवीस तास म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत कोसळलेला पाऊस दोन दिवसांच्या दोन रकान्यांत वाटला जातो. चाळीस इकडे, चाळीस तिकडे. रानात ऐंशी मिलिमीटर पाणी उभं आणि कागदावर अतिवृष्टी नाही. मुलांनी हे स्वतः आकडे मांडून काढलं. वर्गवारीच्या सीमा कुठं धरायच्या यावर सांख्यिकीच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो. तो परिच्छेद एखाद्या घराला किती महागात पडू शकतो, हे त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं पाण्यात गेली. वर्गातल्या काहींचे नातेवाईक तेव्हा शाळेत, मंगल कार्यालयात राहिले होते. पुरानंतर मुलांनी आपल्या जिल्ह्यातल्या पावसाचे आकडे काढले आणि ती गोंधळली. पाऊस जबर होता, पण एवढ्या पाण्याचा हिशेब त्यात लागेना. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. वर पडलेला पाऊस, धाराशिवच्या बाजूने आलेले ओढे-नद्या, भरलेल्या प्रकल्पांतून सोडलेलं पाणी, असं सगळं खाली उतरलं होतं. शेजारच्या जिल्ह्यांचे तक्ते उघडल्याशिवाय आपल्या जिल्ह्याचा पूर समजत नाही. नदीचं खोरं म्हणजे काय, हे मी याआधी नकाशावर बोट फिरवून शिकवायचे. आता पावसाच्या नोंदी तारखांप्रमाणे खालीखाली मांडल्या की खोरं आपोआप दिसतं: काल वर पडलेला पाऊस आज खाली पाणी होऊन येतो.

पण मला खरं सांगायचंय ते जनगणनेच्या तक्त्याबद्दल.

माझी शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. इथं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड आणि शेजारी उर्दू असं बोलणं एकाच दिवसात होतं. यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने आणि विडी यांवर इथली घरं चालतात. वडील यंत्रमागावर, आई विडीवर, ही पूर्व भागातली नेहमीची जोडी. सकाळी शाळा भरायच्या वेळी डोक्यावर किंवा काखेत विड्यांची पाटी घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बायांच्या रांगा दिसतात. वळलेल्या विड्या द्यायच्या, पान आणि तंबाखू घेऊन परत यायचं, संध्याकाळी पान भिजवायचं, कापायचं आणि सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. मजुरी हजार विडीवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. शाळेतून आल्यावर पानं कापून द्यायचं काम मुलींकडे असतं, हे त्यांच्या बोटांकडे पाहून कळतं.

2011 च्या जनगणनेचा प्रभागनिहाय तक्ता मी वर्गात आणला तो लिंग-गुणोत्तर शिकवायला. झेरॉक्स काढून गटागटाला एकेक पान दिलं. मुलं आधी आपला प्रभाग शोधतात. तो सापडला की चेहरे उजळतात, आपलं नाव छापून आल्यासारखे. मग ती डावीकडून उजवीकडे वाचत जातात: घरं, लोकसंख्या, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर. त्यापुढे काम करणाऱ्यांचे रकाने. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेले ते मुख्य काम करणारे, त्याहून कमी ते सीमांतिक. त्यांचे पुन्हा चार भाग: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. आणि अगदी शेवटी, काम न करणारे.

या शेवटच्या रकान्यात स्त्रियांचा आकडा एवढा मोठा होता, की नववीतली एक मुलगी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, ‘बाई, आमच्या गल्लीत काम न करणारी बाई कोण हाय? मला तर कुणीच आठवंना.’

तिच्या शेजारची म्हणाली, ‘माझी आई विडी वळती. ती कुठल्या रकान्यात येती?’

नियमाने ती घरगुती उद्योगाच्या रकान्यात यायला हवी. घरात बसून केलेलं, पैसे मिळणारं काम हे कामच आहे, आणि शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला राबलेलंही जनगणनेत काम धरतात. स्त्रियांचं काम सुटू नये म्हणून नीट खोदून विचारावं, अशा सूचना 2011 मध्ये प्रगणकांना दिलेल्या होत्या. मी हे सांगितलं. तरी मुलींचं समाधान होईना. दारात माणूस आला, घरातल्या पुरुषाला विचारलं, ‘बायको काय करते?’ आणि तो म्हणाला, ‘काय नाही, घरीच असती’, तर? किंवा आईच म्हणाली, ‘मी काय करते, घरातच बसून असते’, तर? विडी वळताना बाई घरातच बसलेली असते. ते उत्तर खरंच आहे, आणि त्या उत्तराने ती शेवटच्या रकान्यात जाते.

एका मुलीने दप्तरातून आईच्या विडी कामगार ओळखपत्राची झेरॉक्स काढली. विडी कामगारांच्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला ती लागते, म्हणून तिच्याजवळ होती. म्हणजे सरकारच्या एका खात्यात तिची आई पक्की कामगार आहे, क्रमांकासकट. दुसऱ्या खात्याच्या मोजणीत ती आहे की नाही, हे त्या पानावरून कळायला मार्ग नाही, कारण तिथं नावं नसतात, फक्त बेरजा असतात. त्या बेरजेकडे तिने पाहिलं ते पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आकडा आकाशातून पडत नाही. कुणीतरी कुणालातरी दारात उभं राहून काहीतरी विचारलेलं असतं आणि मिळालेल्या उत्तराला एका चौकटीत बसवलेलं असतं. हे एकदा कळलं की पुढे आयुष्यभर कुठलाही तक्ता माणूस वेगळ्या नजरेने वाचतो.

मग मुलांनीच ठरवलं की आपण आपल्या गल्लीत विचारायचं. प्रश्नावली कशी असावी यावर दोन तास गेले. ‘तुम्ही काम करता का?’ हा प्रश्न पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याऐवजी ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता?’ असा प्रश्न आला. विडी, शिलाई, टॉवेलला गाठी मारणं, शेंगा फोडणं, शेंगाचटणी कुटून विकणं, दुसऱ्याकडे धुणं-भांडी, असे पर्याय मुलींनी भराभर सांगितले. मुलांच्या प्रश्नावलीत ते नव्हते आणि मुलींच्या होते, यावरूनही वर्गात चांगलीच चर्चा झाली. गल्लीतून आलेल्या कागदांत काहीच काम न करणाऱ्या बाया मोजक्याच निघाल्या, त्याही बहुतेक आजारी किंवा फार म्हाताऱ्या. प्राथमिक आणि दुय्यम सामग्रीतला फरक मला त्या वर्गाला पुन्हा सांगावा लागला नाही.

यातून जनगणना खोटी, असा निष्कर्ष काढायची घाई मी मुलांना करू देत नाही. आमची गल्ली म्हणजे प्रभाग नव्हे. 2011 ला जे होतं ते आज तसंच असेल असं नाही. आम्ही ओळखीच्या घरांत गेलो, आणि ओळखीची बाई मुलीशी बोलते तसं परक्या माणसाशी बोलत नाही. आपल्या आकड्यांनाही तेच प्रश्न विचारायचे जे सरकारच्या आकड्यांना विचारले. शंका घ्यायला शिकवणं सोपं आहे. मोजमापाचा मान राखून शंका घेणं हे खरं शिक्षण, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र मी वर्गात आणत नाही: नावांच्या याद्या. रोजगार हमीची हजेरीपत्रकं, योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या नावानिशी खुल्या असतात. गावाने त्या तपासाव्यात म्हणून त्या खुल्या असणं गरजेचंच आहे. पण कुणाच्या घरात किती पैसे आले, हे चाळीस मुलांसमोर उघडं पडणं वेगळं. ज्या मुलाच्या वडिलांचं नाव निघेल त्याने दुपारच्या सुट्टीत काय ऐकून घ्यायचं? बेरजा चालतात. नावं नाहीत.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. बरीचशी माहिती स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफमध्ये असते, तिचं एक्सेल होत नाही. मराठीतले जुने तक्ते युनिकोडमध्ये नसतात, उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांग दिसते. केंद्राच्या तक्त्यांत रकान्यांची नावं इंग्रजी आद्याक्षरांत, ती मी मराठीत लिहून देते. संगणक कक्षात सगळी यंत्रं एकाच वेळी चालू असण्याचा योग क्वचित येतो, म्हणून मी घरी उतरवून घेते आणि झेरॉक्स काढते. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, दहावीचा निकाल लावायचा असतो. तरीही सांख्यिकीच्या प्रकरणाला जे तास आहेत ते मी या तक्त्यांवर घालवते, कारण त्यातून निघालेली मुलं पुस्तकातली गणितंही नीट सोडवतात. कार्यालयांनी फक्त एवढं केलं तरी पुष्कळ होईल: तक्ते युनिकोडमध्ये आणि सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये सरळ उघडणाऱ्या फाइलीत, द्यावेत, आणि प्रत्येक तक्त्याखाली माहिती कशी आणि कधी गोळा केली हे साध्या मराठीत चार ओळींत लिहावं. शिक्षकाला सगळ्यात जास्त उपयोग त्या चार ओळींचा असतो.

2021 ची जनगणना झालीच नाही. आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, आणि या वेळी नोंदी मोबाईलवर होणार आहेत. दारोदार जाणारे प्रगणक बहुतेक आमच्यातलेच असतात, शिक्षक. मलाही आदेश येईल असं मी धरून चालले आहे. मुलींनी तयार केलेली कामांची यादी मी जपून ठेवली आहे. ‘काय काय करता?’ हा त्यांचा प्रश्न मी माझ्या गटातल्या इतर शिक्षकांनाही सांगणार आहे. मुलींनाही मी सांगून ठेवलंय की तुमच्या दारात मोजायला कोणी आलं आणि घरच्यांनी ‘ती काही करत नाही’ असं सांगितलं, तर मध्ये बोलायचं. मोठ्यांच्या मध्ये बोललं म्हणून कुणी रागावलं तर माझं नाव सांगायचं.